दत्तानं ऐकलं नाही, तरी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारी माणसं बदलतात, प्रश्न तोच असतो. "ह्यांच्यासाठी इतकी दत्तबावनी म्हटलीत, नारेश्वरच्या इतक्या वाऱ्या केल्यात, शेवटी दत्तानं ऐकलं नाहीच. तरी तुमची श्रद्धा उरली कशी?" दत्तबावनी म्हणजे दत्ताचं गुजराती स्तोत्र, आणि नारेश्वर हे आमचं दत्ताचं ठिकाण. काही जण काळजीपोटी विचारतात, काहींच्या स्वतःच्या घरात दुखणं असतं. रस्त्यात उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी माझी किडनी द्यायला तयार होते. नवरा-बायकोला एकमेकांना देता येते, कायद्याची आडकाठी नाही. पण तपासण्यांत मलाच साखर निघाली आणि डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. घरात दुसरं कुणी जुळणारं नव्हतं. त्या संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी देवापुढे दिवासुद्धा लावला नाही. हात उठलाच नाही. संकट आलं आणि श्रद्धा आपोआप धावून आली, असं माझ्या बाबतीत मुळीच झालेलं नाही.

मग डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. त्यासाठी हाताला फिस्टुला करतात. छोटं ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, मग ती शीर हळूहळू जाड होते आणि मशीनच्या दोन सुया तिथे टोचता येतात. तो नीट चालू आहे का, हे रोज बोटं ठेवून बघायचं असतं. सकाळी ह्यांचा डावा हात मांडीवर घ्यायचा, मनगटाच्या जरा वर दोन बोटं ठेवायची. आत मांजर घुरघुरावं तशी थरथर लागायची. हे माझ्या तोंडाकडे बघत असायचे. "आहे ना?" "आहे." मग चहा, तोही अर्धाच कप, कारण दिवसभराचं पाणी डॉक्टरांनी मोजून दिलेलं. मे महिन्यात बडोद्याचा पारा 42-43 वर जातो, तेव्हा हे बर्फाचा खडा तोंडात धरून दुपार काढायचे.

मशीन किडनीचं काम करते, किडनी बरी करत नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. तेव्हा आशा धरायची ती कशाची, हाच मोठा प्रश्न होता. मी ती बुधवारची धरायला लागले, बुधवार झाला की शुक्रवारची. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन फार वाढू नये, बीपी पडू नये, पायात गोळे येऊ नयेत. देवाकडे मागणंही तेवढंच.

गुरुवार मोकळा असायचा आणि गुरुवार दत्ताचा. बरं वाटत असलं की आम्ही नारेश्वरला जायचो. बडोद्यापासून साठेक किलोमीटर, नर्मदेच्या काठी. रंग अवधूत महाराज तिथले. मूळचे पांडुरंग वळामे, 1898 साली गोध्र्यात एका मराठी घरात जन्मलेले. 1968 मध्ये हरिद्वारला देह ठेवला आणि तो नारेश्वरला आणला गेला. दत्तभक्त संन्यासी टेंबे स्वामींना गुरू मानणाऱ्या या माणसानं 1935 मध्ये गुजरातीत दत्तबावनी लिहिली. बावन ओळी. एका आजारी बाईसाठी लिहिली असं सांगतात, आणि मला ते फार जवळचं वाटतं. आमच्याकडे आजही टेंबे स्वामींची मराठी करुणात्रिपदी आणि गुजराती बावनी एकापाठोपाठ म्हणतात, त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

त्याच महाराजांचं वचन आहे, 'परस्परदेवो भव'. लहानपणापासून भिंतीवर पाहिलेलं. मला ते कळलं डायलिसिसच्या वॉर्डात.

शेजारच्या खाटेवर बडोद्याजवळच्या पादरा गावचे एक भाई असायचे. त्यांच्या पत्नीनं मला बटाटा शिकवला. म्हणजे सालं काढून बारीक चिरायचा, भरपूर पाण्यात काही तास भिजवायचा, ते पाणी टाकून द्यायचं, मग नव्या पाण्यात उकडून तेही ओतून द्यायचं. पोटॅशियम कमी होतं. तिनं हे सगळं माझा हात हातात धरून सांगितलं, कारण मी रडत होते. पुढे भाई गेले. दिवस झाल्यावर एका बुधवारी ती वॉर्डात आली, हातात स्टीलचा डबा, डब्यात बर्फ, बर्फात रक्त वाढायची इंजेक्शनं. न उघडलेली, भाईंसाठी आणून ठेवलेली. सिस्टरांच्या हातात देत म्हणाली, "बगडी जाय ए पहेलां कोईने काम आवे." म्हणजे खराब होण्याआधी कुणाच्या तरी कामी येऊ देत. ती इंजेक्शनं किती महाग असतात ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सिस्टरांनी तारीख तपासली, डॉक्टरांना विचारलं आणि ती छोटा उदेपूरहून पहाटेच्या बसनं येणाऱ्या एका पोराला मिळाली.

त्या दिवसापासून माझा दत्त मला तिथे दिसतो. तो ऐकतो की नाही, हा हिशेब मी पुन्हा मांडला नाही. हे गेले तेव्हा "देवाची मर्जी" म्हणणारे खूप आले. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, ज्याचं माणूस गेलंय त्याच्यापुढे हे बोलू नका. देवाच्या नावानं त्याचं तोंड बंद होतं, दुःख तसंच आत राहतं. मला स्वतःला त्यानंतर बरेच महिने बावनी म्हणवत नव्हती. शेजारच्या मावशी संध्याकाळी येऊन माझ्या घरात म्हणायच्या आणि मी नुसती ऐकत बसायचे. माझ्या वाटची श्रद्धा तेवढे दिवस त्यांनी सांभाळली, असं मी मानते.

आणखी एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते. वॉर्डात काही जण जडीबुटीवाल्याच्या किंवा कुठल्याशा बाबाच्या शब्दावर डायलिसिस सोडून गेले. काही दिवसांतच धाप लागलेल्या अवस्थेत त्यांना उचलून आणावं लागलं. बावनी म्हणा, नवस बोला, पण डायलिसिसचा वार चुकवू नका. सुई टोचून घ्यायला बळ यावं म्हणूनच तर देवाचं नाव घ्यायचं.

मी अजूनही गुरुवारी नारेश्वरला जाते. कुणाच्या घरी डायलिसिस नव्यानं सुरू झालं असेल आणि गुरुवार मोकळा असेल, तर पेशंटला घेऊन माझ्याबरोबर चला. पाण्याची बाटली मोजून भरा, प्रसादाची डाळ त्यांना वाढू नका, भात थोडा चालेल का ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. बटाट्याचं मी वाटेत सांगेन.