आवृत्ती कोणती?

जुलै. झड थांबायचं नाव नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची एक मराठी कादंबरी सध्या दोन आवृत्त्यांतून वाचतोय, एक जुनी आणि एक अलीकडची. साहित्याच्या संशोधनात मला सगळ्यांत जास्त ओढ याच कामाची आहे. कादंबरीचा अर्थ लावायच्या आधी आपल्या हातात नेमका कोणता मजकूर आहे, ते कळायला हवं.

जुन्या छापील मराठीत उच्चार नसलेले अनुस्वार जागोजाग असत: केलें, मीं, घरांत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे लेखनविषयक नियम आले आणि हे अनुस्वार गेले. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' या कादंबरीच्या नावातला 'लक्षांत' आता बहुतेक ठिकाणी 'लक्षात' छापला जातो. इथे अर्थ हलत नाही, पण सगळीकडे असं होत नाही. आज 'घरांत' म्हटलं की अनेक घरं. जुन्या छपाईत एका घरालाही 'घरांत' आणि अनेकांनाही 'घरांत'. आज वाचलेली 'वाड्यांत दिवे लागले' ही ओळ घ्या. एका वाड्यात? अनेक वाड्यांत? की वाडीचं अनेकवचन? नव्या आवृत्तीच्या संपादकाला यातलं एक ठरवावंच लागतं, आणि बहुतेकदा ते मुद्रितशोधक घाईत ठरवून मोकळा होतो. वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून अशा जागी आधीचा-नंतरचा परिच्छेद वाचून, क्रियापदं आणि पात्रांची ये-जा पाहूनच निर्णय करायचा. तरीही उलगडा झाला नाही तर जुनं रूप तसंच ठेवून तळटीप द्यायची.

दोन आवृत्त्यांचे पाठ, म्हणजे प्रत्यक्ष छापलेला मजकूर, ताडून पाहायला दोन माणसं लागतात. एकानं विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. एकट्यानं केलं की डोळा शब्द ओळखीनं पुरे करतो आणि फरक निसटतात. वहीत पृष्ठ, ओळ, जुना पाठ, नवा पाठ आणि फरकाचा प्रकार असे रकाने. लेखनपद्धतीचे फरक वेगळे, शब्दांचे वेगळे. 'केलें'चं 'केले' झालं तर पहिला प्रकार; निवेदनातल्या 'केले'चं 'केलं' झालं तर मात्र निवेदकाचा आवाजच बदलला, तो दुसऱ्यात. घ-ध, भ-म, थ-य ही छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची नेहमीची गफलत. 'ख' तर 'रव' होऊन बसतो, आणि स्कॅनवरून मजकूर काढणारी यंत्रंही तिथेच अडखळतात.

'दुसरी आवृत्ती' या छापील शब्दांवर विसंबू नये. पानांचे आणि ओळींचे शेवट तंतोतंत जुळले, तीच तुटकी अक्षरं त्याच जागी दिसली, तर ते पुनर्मुद्रण.

मासिकांतून क्रमशः आलेल्या कादंबऱ्यांची अडचण निराळी. वर्षाचे अंक एकत्र बांधताना बाइंडर अनेकदा मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकतो. तारीख, अंक क्रमांक, वर्गणी सगळं त्यांच्याबरोबर जातं. कुठे शक मिळाला तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवायचे. पौषात जानेवारी लागला की फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १८१२चा चैत्र १८९० मधला, माघ १८९१ मधला. हे विसरलं की प्रकाशनाचा क्रम उलटा लागतो आणि लेखकाची वाढही उलटी दिसू लागते.

१८५० साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय एकाच गावात असणं हे कोल्हापुरात वाचणाऱ्याचं भाग्य. पण पावसाळ्यात जुन्या कागदाशी जपून. दमट हवेत बुरशी धरते, बांधणीतल्या खळीच्या वासानं कसर येते. खंड पूर्ण पालथा उघडायचा नाही, दोन्ही बाजूंना टेकण द्यायचं. बोट ओलं करायचं नाही, फाटक्या पानाला चिकटपट्टी तर मुळीच नाही. तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो. जवळ फक्त शिसपेन्सिल. फोटो काढताना आधी शीर्षकपान आणि दाखलअंक (ग्रंथालयाचा नोंदक्रमांक), मग मजकूर, नाहीतर महिन्याभरानं कुठलं पान कुठलं ते समजत नाही.

हे सगळं मात्र दुसऱ्या वाचनाचं. पहिल्या वाचनात पेन्सिल लांब ठेवावी आणि कादंबरी सरळ शेवटपर्यंत वाचावी. फरक टिपण्याच्या घाईत कथा न वाचलेल्या माणसाला महत्त्वाचा फरक ओळखता येत नाही. आजच्या ओळीचंच पाहा: दिवे एका वाड्यातले की साऱ्या वाड्यांतले, हे तीन प्रकरणांपुढच्या लग्नाच्या वर्णनावरून ठरतं.