भाकरीचं गिऱ्हाईक, वड्याचं गिऱ्हाईक

आमचं नौपाड्यात पोळी-भाजी केंद्र आहे. काउंटरमागे उभं राहिलं की माणसाच्या पोटाचा स्वभाव कळायला लागतो. बँकेतल्या एक मॅडम शनिवारी निवांत येतात, ज्वारीची भाकरी, मेथी आणि मटकीची उसळ नेतात. त्याच मॅडम मार्चअखेरीला रात्री उशिरा जलद गाडीतून चेंगरून उतरल्या की दारातूनच विचारतात, "ताई, वडे आहेत का हो?" भाकरीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

याला जिभेचे चोचले म्हणणं मला पटत नाही. आतड्यांना मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं, कोट्यवधी पेशींचं. पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस नसेतले बहुतेक तंतू तर खालून वर निरोप नेतात. उलटंही होतंच. ताण आला की जठर सुस्तावतं आणि मोठं आतडं घाई करतं. समोरच्या इमारतीत सीए करणारा एक मुलगा आहे. पेपरच्या दिवशी त्याची आई फक्त मऊ भात आणि ताक नेते, "सकाळपासून तीनदा आत जाऊन आलाय" असं सांगत. त्यात झोप अपुरी असेल तर तळकट, गोड हवंसं वाटणारच. तेव्हा 'मन घट्ट करा' सांगून काय उपयोग?

२०१९ साली अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं, अतिप्रक्रिया केलेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं. समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, मीठ, अन्नातले तंतू (फायबर) सारखेच. हवं तितकं खा म्हटलं. कारखान्यातल्या खाण्यावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. इच्छाशक्ती तीच, ताट बदललं.

आतड्यातल्या जिवाणूंचं खाणं म्हणजे आपल्याला न पचणारे तंतू. ते उसळीत, भाकरीत, गवारीत भरपूर. आंबवलेल्या पदार्थांवर स्टॅनफर्डचा २०२१ चा ३६ जणांचा प्रयोग आहे: दही, केफिर (आंबवलेलं दूध), किमची (आंबवलेली कोरियन कोबी) वाढवल्यावर जिवाणूंची विविधता वाढली, दाह दाखवणारी प्रथिनं कमी झाली. इडलीला मात्र हे श्रेय देऊ नका. पीठ आंबलेलं असलं तरी वाफेत जिवाणू मरतात. हलकी असते, एवढं खरं. आमचं ताक घरच्या विरजणाचं, आलं-जिरं ठेचून घातलेलं, आणि न उकळलेलं.

पण 'दही खा, आनंदी राहा' हे मोबाइलवर फिरणारं काही खरं नाही. मनःस्थितीशी जोडलं जाणारं सेरोटोनिन नावाचं रसायन शरीरात सुमारे ९० टक्के आतड्यातच बनतं हे बरोबर, पण ते मेंदूत शिरत नाही. तिथलं मेंदू स्वतः बनवतो. उदास वाटत असेल तर डॉक्टरकडे जा, ताक जेवणाबरोबर प्या.

वडे मी बंद करणार नाही, धंदा आहे. फक्त तळणीची कढई मागच्या खोलीत नेली आणि पुढे उसळीचं पातेलं ठेवलं, झाकण उघडं, वरून ओलं खोबरं-कोथिंबीर. तळणीचा वास फुटपाथवर गेला की दमलेल्या माणसाची निवड तिथेच होऊन जाते. आमचे हे म्हणतात, गिऱ्हाईक तुटेल. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत बघू.