शनिवारचा रेट

गुरुवारी दुपारी अडीचला सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यातून फोन आला. एक्स्पोर्ट बघणारे अण्णा होते. "सर, शनिवारी पाठवलेली मेल आत्ता परत आली बघा. पाच दिवस कुठं फिरत होती हो?"

कुठं फिरत नव्हती, त्यांच्याच ऑफिसात बसून होती. पोस्टफिक्सची, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवरच्या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमची, ती रीतच आहे. मेल गेली नाही तर रांगेत ठेवतो, अधूनमधून पुन्हा धडपडतो आणि पाच दिवसांनी हात टेकून परत करतो. मधल्या काळात पाठवणाऱ्याला इशारा द्यायची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. ती चालू करायचं मी दोन वर्षांपूर्वी सर्व्हर लावताना विसरलो होतो. हे अण्णांना तेव्हा सांगितलं नाही.

गाडीवरून जातानाच मी निदान करून टाकलं होतं : आयपी, म्हणजे कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत जाऊन ब्लॅकलिस्ट झाला असणार. बाहेरच्या मेल तर व्यवस्थित येत होत्या. पोहोचलो, शेजारच्या शेडमधला मागांचा खडखडाट ऐकत सर्व्हरवरचे सुताचे तंतू झटकले आणि अर्धा तास ब्लॅकलिस्टच तपासत बसलो. नंतर लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. आधी तोच उघडायला हवा होता. ब्लॅकलिस्ट असती तर समोरचा सर्व्हर काहीतरी नकार देतो, कारण सांगतो. इथं प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच : पोर्ट 25, कनेक्शन टाइम्ड आउट. पोर्ट 25 म्हणजे एका सर्व्हरनं दुसऱ्याला मेल द्यायचं दार. जीमेल असो की दुबईचा कोणी, दार कुणीच उघडत नव्हतं. टेलनेटनं स्वतः 25 वर जाऊन बघितलं, तर कर्सर नुसता लुकलुकत राहिला.

"अण्णा, शनिवारी इंटरनेटचं काही झालं होतं का?"

"रस्ता खोदताना केबल तुटली की. मालकांनी दुपारीच दुसरं कनेक्शन घेतलं. स्वस्तात मिळालं."

तिथंच उलगडा झाला. अशा साध्या कनेक्शनवर बऱ्याच कंपन्या बाहेर जाणारं पोर्ट 25 बंदच ठेवतात, कारण व्हायरस लागलेले कॉम्प्युटर तिथूनच स्पॅम ओततात. येणाऱ्या मेल आमचा सर्व्हर होस्टिंगवाल्याकडून स्वतः ओढून आणतो, त्याला 25 लागत नाही. म्हणून येणं चालू आणि जाणं बंद.

उपाय सरळ होता. थेट न पाठवता, यूजरनेम-पासवर्ड देऊन पोर्ट 587 वरून होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरमार्फत पाठवायचं. तरी तास गेला. लॉगिन होईना, दोनदा पासवर्ड बदलून घेतला, आणि शेवटी निघालं काय, तर आपल्याच मशीनवर लॉगिनचं एक पॅकेज नव्हतं. आपल्या नावानं मेल कुणी पाठवायची हे जगाला सांगणाऱ्या एसपीएफ रेकॉर्डमध्येही जुना आयपी होता, तिथं होस्टिंगवाल्याचं नाव घातलं. माझ्या जीमेलला टेस्ट मेल टाकली. आली.

रांगेत 63 मेल होत्या. सगळ्या एकदम सोडायला मी बोटं की-बोर्डवर ठेवली, तेवढ्यात अण्णांनी मनगट धरलं.

"थांबा सर. त्यात दुबईची तीन कोटेशनं आहेत."

शनिवारी संध्याकाळी त्यांनी एक रेट पाठवला होता. सोमवारी तिकडून फोन, काही मिळालं नाही. तोवर सुताचा भाव चढला होता, म्हणून मालकांनी रेट वाढवून दुसरं पाठवायला लावलं. बुधवारी पुन्हा तेच, पुन्हा वाढ. शनिवारचा आणि बुधवारचा फरक डझनामागे 40 सेंटचा. तिन्ही एकदम गेली असती तर पार्टीनं कुठलं धरलं असतं, हे सोलापुरात कुणालाही विचारा.

मी सगळी रांग धरून ठेवायची कमांड दिली आणि अण्णा चष्मा कपाळावर चढवून एकेक मेल वाचू लागले. "ही जाऊ द्या. ही खोडा. ही पण खोडा, ते ट्रान्सपोर्टवाले काल येऊन भांडून गेले." दुबईची दोन सापडली. सोमवारचं आणि बुधवारचं.

शनिवारचं नव्हतं. लॉग बघितला : चार वाजून अकरा मिनिटं, सेंट. टेस्ट मेल जमली म्हणून मी खूश होतो, तेवढ्यात पोस्टफिक्सनं आपल्या नेमानं पुन्हा प्रयत्न केला होता, आणि या वेळी दार उघडं होतं. सेटिंग तसंच राहिलं असतं तर ती मेल संध्याकाळी आपोआप परत आली असती.

केबिनमधून मालक बाहेर आले. "काय झालं? जातायत ना आता?"

"जातायत," अण्णा म्हणाले. "शनिवारचा रेट पण गेला."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. "ती मागं ओढता येत नाही का?"

"नाही येत."

ते काही बोलले नाहीत. पोराला तीन चहा सांगितले. अण्णांनी तोवर दुबईला फोन लावला होता आणि हिंदीत समजावत होते, की भाई, अभी जो मेल आया है ना, वो पुराना है, असली वाला पीछे से आ रहा है.