लहान पेटी पुण्यातच राहिली त्या दिवसाची हकीकत

राहुल देव बर्मन म्हणजेच पंचमदा यांच्या गाण्यांचा कार्यक्रम करणाऱ्या पुण्यातील एका वाद्यवृंदात मी गेली 11 वर्षे साईड रिदम वाजवतो. साईड रिदम म्हणजे तबला, ढोलक आणि ड्रम वगळून तालाच्या बाजूला जे काही उरते ते सगळे: टुंबा, बोंगो, मादल हे हाताने वाजवायचे ढोल, खंजिरी, घुंगरू, कबासा, रेसो-रेसो ही खुळखुळवायची किंवा घासायची वाद्ये आणि ज्यांना वाद्य म्हणावे की भांडे असा प्रश्न पडावा अशा काही वस्तू. पोटासाठी मी नोकरी करतो आणि शनिवार-रविवार असा गावोगाव जातो. पंचमदांचा जन्म 27 जून 1939 चा आणि मृत्यू 4 जानेवारी 1994 चा, त्यामुळे आमच्यासारख्यांचे वर्षातले दोन हंगाम ठरलेले असतात. त्यांपैकी जानेवारीचा हंगाम सुखाचा असतो, तर जूनचा हंगाम कातडी वाद्यांच्या मुळावर येणारा असतो. गेल्या जूनमधल्या अखेरच्या शनिवारी सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात संध्याकाळी साडेपाचला आमचा कार्यक्रम होता, त्या दिवसाची ही हकीकत आहे.

सामान भरायला आम्ही पहाटे सव्वापाचला तालमीच्या खोलीवर जमलो. नऊ वादक, चार गायक, एक निवेदक आणि आमचा साऊंड इंजिनिअर असे एकूण 15 जण, आणि गाडी 17 आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर. स्पीकर, मिक्सर आणि मॉनिटर सांगलीचे स्थानिक साऊंडवाले देणार होते. त्यांना दोन आठवडे आधीच यादी गेलेली होती. ड्रमसेट, दोन कीबोर्ड, गिटारी, सॅक्सोफोन आणि माझा संसार मात्र आमच्याबरोबरच जातो. स्टँड आणि ड्रमचे टणक खोके टपावर ताडपत्रीखाली बांधायचे, कीबोर्ड मागच्या आसनांवर आडवे ठेवायचे आणि कातड्याची वाद्ये कोणत्याही परिस्थितीत गाडीच्या आत घ्यायची, हा आमचा जुना नेम आहे. माझ्या दोन पेट्या असतात, एक मोठी आणि एक लहान. मोठी पेटी मी स्वतः उचलून गाडीत ठेवली. लहान पेटी ढोलकवाल्याने घेतली असे मी गृहीत धरले आणि ती मी घेतली असे त्याने. पावसाची भुरभुर सुरू असताना, अंधारात, प्रत्येकाला दुसऱ्याच्या आधी चहा प्यायचा असताना अशी गृहीतके फार लवकर पक्की होतात.

नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा आणि खेड शिवापूरचा टोलनाका वेळेत मागे पडले, शिरवळला पोहे आणि चहा झाला, आणि त्यानंतर आम्ही खंबाटकी घाटात अडकलो. या घाटाची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यातली मेख कळेल: साताऱ्याहून पुण्याकडे येणारी वाहने बोगद्यातून सुळकन निघून येतात, पण साताऱ्याकडे जाणाऱ्यांना तेव्हा घाट चढावाच लागत होता, आणि एका वळणावर एखादा कंटेनर कलंडला की मागच्या सगळ्यांनी डोंगर बघत बसायचे. त्या दिवशी आम्ही दोन तासांना दहा मिनिटे कमी इतका वेळ डोंगर बघितला. गायिकांपैकी एकीने गरम पाण्याचा थर्मास संपवला, आमच्या अरेंजरदादांनी गाण्यांच्या क्रमात दोन बदल केले, आणि हवेतला ओलावा मादलांना कितपत लागला आहे हे पाहावे म्हणून मी मागे जाऊन मोठी पेटी उघडली. तिच्या शेजारी लहान पेटी नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

त्या पेटीत रेसो-रेसो, कबासा, घुंगरांचा पट्टा, काचेचा पेला, स्टीलचा चमचा, दोन रिकाम्या बाटल्या आणि एक कंगवा होता. ही यादी ऐकून आमचा निवेदक, जो स्वभावाने चांगला आहे पण वादक नाही, म्हणाला, “एवढंच ना? मग काय बिघडलं?” त्याचे उत्तर मी त्याला घाटात दिले नाही, इथे देतो. पंचमदांच्या गाण्यात या वस्तू सजावटीच्या नसतात. पुष्कळदा गाण्याची ओळखच त्यांच्यावर उभी असते. ‘चुरा लिया है तुमने’ (1973) हे गाणे पेल्यावरच्या किणकिणाटाने सुरू होते आणि तो आवाज आला नाही तर श्रोत्याच्या दृष्टीने गाणे सुरूच झालेले नसते. ‘महबूबा महबूबा’ (1975) मधला तो घुमणारा आवाज बाटल्यांच्या तोंडावर फुंकर घालून काढलेला आहे. पडोसनमधल्या खिडकीच्या गाण्यात खरखरीत पृष्ठभागावर कंगवा घासलेला आहे. रेसो-रेसो म्हणजे खाचा पाडलेली, काडीने घासून वाजवायची नळी. तिला हिंदी चित्रपटसंगीतात मानाचे पान मिळवून देणारे वादक अमृतराव काटकर हे आपल्या मराठी मुलखातले, आणि होमी मुल्लन, मारुतीराव कीर, कांचाभाई म्हणजे रणजित गझमेर यांच्या बरोबरीने त्यांचे नाव आमच्या धंद्यात कानाला हात लावून घेतले जाते.

मैफलीतला गवई एखादी जागा आज वेगळी घेऊ शकतो आणि त्याला दादही मिळते. आम्हाला ती मुभा नसते. समोर बसलेल्या माणसाने ते गाणे चाळीस-पन्नास वर्षे रेडिओवर, कॅसेटवर आणि आता फोनवर ऐकलेले असते, त्यातली प्रत्येक खरखर त्याच्या कानात मुक्कामाला असते, आणि ती ठरल्या मात्रेवर आली नाही तर नेमके काय चुकले हे त्याला सांगता आले नाही तरी काहीतरी चुकले हे त्याला कळतेच. पूर्वी ‘ऑर्केस्ट्रावाले’ हा शब्द थोडा नाक मुरडून वापरला जात असे, आता त्यालाच ‘ट्रिब्यूट’ म्हणतात आणि तिकिटाचा दर वाढतो. काम मात्र तेच आहे. त्याला नक्कल म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फक्त एकदा रेसो-रेसो हातात घेऊन तीन मिनिटे एका वजनाने घासून दाखवावा, एवढी माझी त्यांना विनंती असते.

ऑक्टोपॅड, म्हणजे काडी मारली की आत भरलेले आवाज काढणारे विजेचे वाद्य, वाजवणाऱ्या आमच्या मित्राने आपल्याकडे हे सगळे आवाज भरलेले आहेत असे सांगून धीर दिला. ते खरेही होते, पण पॅडवर काडी मारून निघालेली खरखर दर वेळी तंतोतंत सारखी येते आणि हाताने घासलेली खरखर श्वासासारखी किंचित कमीजास्त होते. शेवटचा उपाय म्हणून त्याचा पर्याय हाताशी ठेवून मी आयोजकांना फोन लावला. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांना पेल्याचे कारण समजावून सांगण्यात माझी पाच मिनिटे गेली, तेवढ्यात काकूंनी फोन आपल्या हातात घेतला. मी विचारले, “काकू, दांडीचा, पातळ काचेचा पेला घरात आहे का? चहाचा ग्लास चालणार नाही, तो जाड असतो, त्याचा आवाज बसका येतो.” त्या म्हणाल्या, “अहो, सहा आहेत. लेकीच्या लग्नात आलेले, अजून खोक्यातच आहेत. सगळेच पाठवू का?” मी तीन मागितले. बाटल्या, कंगवा आणि चमचा यांची सोय त्यांनी न विचारताच केली.

पेठ नाक्याला महामार्ग सोडून आष्ट्यावरून सांगलीवाडीत आलो आणि कृष्णा ओलांडून नाट्यमंदिराच्या दारात उभे राहिलो तेव्हा दुपारचे दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. बाराला पोहोचायचे ठरले होते. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ इथेच उभे केले, आणि त्यांच्या नावाच्या रंगमंचावर जाताना आमच्यातले जुने लोक चपला बाजूला काढून पायरीला हात लावतात. त्या दिवशीही त्यांनी लावला, पण दोन्ही हातांत सामान असल्यामुळे बाकीच्यांनी तो मनातल्या मनात लावला.

साऊंड चेकला अडीच तास हवे असतात, आम्हाला मांडणी धरून तेवढे मिळाले. म्हणजे प्रत्यक्ष तपासणीला 50 मिनिटे. अशा वेळी काय सोडायचे हे ठरवणे हीच खरी कसोटी असते. आमच्या इंजिनिअरने प्रथम एकेक माईक आणि एकेक तार जिवंत आहे एवढेच पाहून घेतले, आवाजाचा पोत सुधारण्याच्या भानगडीत तो पडला नाही. त्यानंतर आम्ही तीनच गाण्यांचे तुकडे वाजवले: एक ज्यात जवळजवळ काहीच वाजत नाही, एक ज्यात सगळे एकदम वाजतात आणि एक ज्यात सॅक्सोफोनचा मोठा पीस आहे. या तिन्हींत बॅलन्स बसला की मधली गाणी आपोआप सांभाळली जातात. नवखे संच अशा वेळी पहिले गाणे पूर्ण वाजवून वेळ घालवतात. आम्हीही पहिली काही वर्षे तेच केले. गायकांना मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज सदैव कमी वाटतो आणि ड्रमरला बेस कमी वाटतो. या दोन तक्रारी सर्व गावांत, सर्व ऋतूंत कायम असतात.

मला त्या 50 मिनिटांत मादल लावायचे होते. मादल हे नेपाळी वाद्य. ‘तेरे बिना जिया जाये ना’ (1978) या गाण्यात वेगवेगळ्या सुरांत लावलेले मादल तरंगासारखे वाजतात, म्हणजे तिथे तालवाद्याने सूर गाठायचा असतो. पावसाळी हवेत कातडे ओलावा धरते, सैल पडते आणि सूर उतरतो; घाटात माझे चारही मादल उतरले होते आणि तेही सारख्या अंतराने नव्हे. हेअर ड्रायरने वीतभर अंतरावरून कातडे शेकायचे, कीबोर्डवाल्याकडून सूर घ्यायचा, वाद्या ओढायच्या, पुन्हा ऐकायचे. घाई करून ड्रायर जवळ नेला की सूर झटकन चढतो आणि वाद्य गार झाल्यावर तितक्याच झटकन पडतो, म्हणून शेकण्याचे काम सावकाशच करावे लागते. एकीकडे माझे हे चालले असताना आमच्या गाडीच्या चालकाने रेसो-रेसोचा प्रश्न हातात घेतला. मंडपवाल्याकडून त्याने हातभर सुका बांबू आणला आणि गाडीतल्या हॅक्सॉच्या पात्याने त्यावर जवळजवळ सारख्या अंतराच्या खाचा पाडल्या. आवाज माझ्या नेहमीच्या नळीपेक्षा कोरडा होता, पण माईक थोडा लांब ठेवल्यावर तो गाण्यात मिसळला.

पेल्यांचे काम मी विंगेत केले. काकूंनी पाठवलेले तिन्ही पेले दिसायला एकसारखे होते, वाजायला नव्हते. त्यांतला सर्वांत उंच सुराचा पेला मी निवडला, कारण पेल्यात पाणी घातले की सूर खाली येतो. वर नेण्याचा उपाय आपल्याकडे नसतो. बाटलीत फुंकायचे असेल तर हिशेब नेमका उलटा: पाणी वाढले की आतली हवा कमी होते आणि सूर चढतो. या दोन गोष्टींची गल्लत करून मी एकदा एका प्रयोगात फजिती करून घेतलेली आहे, त्यामुळे आता बाटल्यांवर आणि पेल्यावर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावून ठेवतो. पेल्यात दोन चमचे पाणी पुरले.

कार्यक्रम ठरल्या वेळेनंतर सात मिनिटांनी सुरू झाला. त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. नीट झालेल्या कार्यक्रमाबद्दल नसतेच. पेल्याचे गाणे उत्तरार्धात तिसरे होते. अंधार झाला, मी दांडी दोन बोटांत हलकी धरली, कारण घट्ट धरली की काच मुकी होते, आणि चमच्याची कड लावली. पहिल्या दोन किणकिणाटांतच प्रेक्षागृहातून तो ओळखीचा हुंकार आला, गिटार सुरू होण्याच्या आधी. पहिल्या रांगेत बसलेल्या काकू शेजारणीला कोपराने ढोसून काहीतरी सांगत होत्या, आणि काय सांगत होत्या हे ओळखायला मला ऐकू येण्याची गरज नव्हती. बांबूच्या खाचांतली एक खाच शेवटून दुसऱ्या गाण्यात तुटली, काडी तिथे दर फेरीला अडखळू लागली, म्हणून मी हात आखडता घेऊन अर्ध्याच लांबीवर घासत राहिलो. ढोलकवाल्याने माझ्याकडे पाहिले. बाकी कोणाच्या लक्षात आले नसावे.

सव्वाआठला पडदा पडला. नाट्यगृह साडेनऊपर्यंत रिकामे करायचे होते, त्यामुळे फोटो काढू इच्छिणारे रसिक, हिशेबाचे पाकीट, तारा गुंडाळणे आणि ड्रमचे स्क्रू हे सगळे एकाच वेळी चालले. जेवण आयोजकांच्या घरी झाले, प्रत्येकाच्या हातात भडंगाची एकेक पिशवी पडली आणि आम्ही अकराच्या सुमारास निघालो. परतीच्या वाटेवर खंबाटकीचा बोगदा दोन-तीन मिनिटांत संपला. तेव्हा चालक आणि मी एवढेच जागे होतो. मी त्याच्याशेजारी मुद्दामच बसतो. रात्रीच्या परतीत चालकाशी बोलत राहण्याचे काम कोणीतरी करावे लागते आणि आमच्यात ते साईड रिदमकडे आहे.

पहाटे साडेतीनला तालमीच्या खोलीचे कुलूप काढले तर लहान पेटी दारामागे, चपलांच्या रांगेशेजारी होती. मोठी पेटी रिकामी करताना टॉवेलात गुंडाळलेला काकूंचा पेला हाती लागला, चिकटपट्टीसकट. उरलेले दोन मी आठवणीने परत केले होते. सकाळी फोन केला तर त्या म्हणाल्या की सहाचे पाच झाले आहेत, तेव्हा तो परत यायलाच हवा. आमच्या एका गायिकेचा तानपुरा जवारीसाठी, म्हणजे तारांचा झणकार नीट करून घेण्यासाठी, मिरजेला जायचा आहे, तिच्याबरोबर तो पाठवतो आहे.