गोराईच्या पावसाळ्यात लाव्हे सांभाळताना

जपानी लाव्हा आजार लपवतो. थव्यातला दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत तो बाकीच्यांबरोबर दाणे टिपत राहतो. ऐन जुलैत माझ्याकडचा पहिला पक्षी मेला तेव्हा त्याची अन्नपिशवी भरलेली होती, छाती मांसल होती, पिसं नीट बसलेली होती. दुसऱ्या सकाळी आणखी दोन मेले. मग जिवंत पक्ष्यांकडे बारकाईने पाहिलं. काही जण पिसं फुलवून, पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसले होते, डोळे अर्धवट मिटलेले, आणि तुसावर पांढरी, पाण्यासारखी विष्ठा.

आमचं घर मुंबईतल्या गोराईत. मागच्या अंगणात माणूस उभा राहील एवढं उंच जाळीचं दालन आहे, वर पत्रा, खाली कोबा आणि त्यावर भाताच्या तुसाची गादी. इथे खाडीची दमट हवा बारा महिने असते, पण पावसाळ्यात तूस सकाळी पसरलं तर संध्याकाळी हाताला ओलसर लागतं.

गुगलवर लक्षणं शोधून अंदाजाने औषध पाजायचं नाही, हे मी ठरवलं होतं. पांढरी किंवा रक्ताळ हगवण कॉक्सीची (आतड्यातल्या परजीवींची) असू शकते, जिवाणूंची असू शकते, आणि मान वाकडी होऊन पक्षी मरायला लागले तर मानमोडीची (राणीखेत या विषाणूच्या रोगाची) शंका घ्यावी लागते. प्रत्येकाचं औषध वेगळं, मानमोडीला तर औषधच नाही. म्हणून ताजा मेलेला पक्षी दोन पिशव्यांत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवला (फ्रीझरमध्ये गोठवू नये, आतले अवयव तपासायला निरुपयोगी होतात), पहिल्या लाँचने खाडी ओलांडली आणि लोकलने परळ गाठलं. तिथलं पशुवैद्यक महाविद्यालय 1886 पासूनचं आहे.

डॉक्टर मॅडमनी आतडं उघडून मला जवळ बोलावलं. "ताई, हे बटणासारखे व्रण दिसतात? यकृतावरचे पिवळट डागही बघा." लाव्ह्यांमध्ये हा रोग इतका आढळतो की इंग्रजीत त्याचं नावच लाव्ह्यांवरून पडलंय. क्लॉस्ट्रिडियम कोलिनम नावाचा जिवाणू आतड्यात व्रण पाडतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि ती टोचणाऱ्या पुढच्या पक्ष्याच्या पोटात जातो. माशाही तो पसरवतात. त्याचे बीजाणू जमिनीत आणि तुसात दीर्घकाळ तग धरतात, म्हणून पक्षी बरे झाले तरी जागा बरी होत नाही. मॅडमनी पाण्यातून द्यायचं प्रतिजैविक लिहून दिलं, औषध चालू असताना आणि नंतर त्या सांगतील तोवर अंडी खायची नाहीत असं बजावलं, आणि म्हणाल्या, "औषधाने मरणं थांबेल. रोग थांबवायचा तर पक्ष्याचे पाय विष्ठेपासून वर उचला."

हे एक वाक्य मला औषधाच्या चिठ्ठीपेक्षा मोलाचं वाटतं.

सगळं तूस पोत्यांत भरून बाहेर काढलं, कोबा खरवडून घासला, आणि पक्ष्यांसाठी जमिनीपासून वर बारीक जाळीचा मंच बसवला. विष्ठा जाळीतून खाली सरकत्या ट्रेमध्ये पडते, ट्रे रोज धुतला जातो. सतत जाळीवर उभं राहिलं तर तळपायाला जखमा होऊन सूज येते, म्हणून एका बाजूला गुळगुळीत फळी आहे आणि तिथेच धूळस्नानाचं टोपलं. त्यात कोरडी वाळू आणि चुलीची चाळलेली राख. लाव्हे त्यात आडवे पडून पंखांखाली राख उडवतात, उवांना आळा बसतो. टोपलं पावसाच्या झडीत भिजलं की लगेच बदलायचं.

खाली बसून पक्ष्याच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्यायची सवयही तेव्हापासून लागली. उभ्या माणसाला न जाणवणारा अमोनिया तिथे डोळ्यांना झोंबतो.

लाल माइट या रक्त पिणाऱ्या बारीक किडीचा त्रास वेगळा, कारण ती दिवसा पक्ष्यावर सापडतच नाही. लाकडाच्या फटींत लपते, रात्री येऊन रक्त पिते. अंडी कमी झाली, तुरा नसलेल्या या पक्ष्यांची चोचीभोवतीची त्वचा फिकी दिसायला लागली, तेव्हा रात्री टॉर्च घेऊन गेले आणि अंड्यांच्या लाकडी खोक्याच्या सांध्यांवरून पांढरा कागद फिरवला. कागदावर लाल रेघा उमटल्या. उबदार हवेत तिचं जीवनचक्र साधारण आठवड्यात पुरं होतं, म्हणून एकदा फवारून भागत नाही. अंड्यांतून निघालेली नवी पिढी गाठायला आठवड्याने पुन्हा फवारावं लागतं. उपाशीही ती काही महिने जगते. मी लाकडी खोकी काढूनच टाकली. आता प्लॅस्टिकचे क्रेट आहेत, आणि लोखंडी चौकटीचे सांधे पक्षी हलवून फ्लेमगनने भाजून घेते.

घुशींचा बंदोबस्त सगळ्यात खर्चिक पडला, पण त्यात काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे. षट्कोनी कोंबडीजाळी घूस कुरतडते, लहान उंदीर तर सरळ आत येतो. अर्धा इंची वेल्डेड जाळी लावली आणि दालनाच्या बाहेरच्या कडेने ती जमिनीत आडवी पुरली, म्हणजे भिंतीलगत उकरणाऱ्या घुशीला जाळीच लागते. विष ठेवत नाही. खाद्य झाकणाच्या पिंपात आणि थोडंच आणते, कारण पावसाळ्यात मक्याला बुरशी धरली की अफलाटॉक्सिनने यकृत जातं, आणि ते विष उन्हात वाळवून जात नाही. कुबट वास आलेलं खाद्य, कितीही महाग असो, फेकायचं. बोंबील वाळायला लागले की गावात माशा वाढतात, तेव्हा ट्रे दिवसातून दोनदा धुते.

जानेवारी 2021 मध्ये मुंबईत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला, त्याच सुमारास परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या. म्हणून दालनावर अखंड पत्रा हवाच. कावळ्या-कबुतरांची विष्ठा पाण्यात पडता कामा नये. आतल्या चपला वेगळ्या. पत्र्याखाली मऊ जाळं ताणलंय, कारण दचकलेला लाव्हा सरळ वर झेपावतो आणि डोकं फोडून घेतो.

शेजारी विचारतात, हे पाळायला चालतं का? रानातला लाव्हा पकडणं किंवा पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच आहे. हे जपानी लाव्हे पिढ्यान्‌पिढ्या पाळीव. सोळा-अठरा दिवसांत पिल्लू, सहा-सात आठवड्यांत अंडी.

नवे पक्षी आता पाळणाऱ्याचं दालन स्वतः पाहूनच घेते. आणल्यावर महिनाभर ते अंगणाच्या दुसऱ्या टोकाला राहतात, त्यांची भांडी वेगळी, आणि दाणा-पाणी आधी जुन्यांचं, मग त्यांचं. त्यांच्या ट्रेमधली विष्ठा घट्ट आणि वर पांढरी टोपी असलेली दिसत राहिली, तरच ते मोठ्या दालनात जातात.