अमावास्येला वादळ आपल्याकडं वळतं का?

"सर, अमावास्या जवळ आलीय, बंगालच्या उपसागरात काहीतरी तयार होतंय म्हणतात. इकडं वळंल का? छाटणी थांबवू?" दर ऑक्टोबरला पंढरपूर-बार्शीकडचे द्राक्षबागायतदार हे विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहितो.

या भीतीला कारण आहे. १३ ऑक्टोबर २०२० ला आंध्रातल्या काकिनाड्याजवळ जमिनीवर आलेलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र तेलंगण ओलांडून दुसऱ्या दिवशी थेट आपल्यावर आलं. पंढरपुरात घाटाची भिंत पडून माणसं गेली, भीमेला महापूर आला, काढलेलं सोयाबीन शिवारातच भिजलं. १६ तारखेला अमावास्या होती. दाते पंचांग सोलापूरचंच, घरोघरी असतं. तिथी कुणाच्या नजरेतून सुटत नाही.

पण ती वाट चंद्रानं ठरवली नव्हती. वादळ वाहतं ते भोवतालच्या वाऱ्यांबरोबर, जमिनीपासून आठ-नऊ किलोमीटर उंचीपर्यंतच्या. उत्तरेला जास्त दाबाचा पट्टा पसरलेला असला की त्याच्या दक्षिण अंगानं पूर्वेचे वारे वाहतात आणि वादळाला पश्चिमेकडं, म्हणजे आपल्याकडं ढकलतात. तो पट्टा तुटला की वादळ उत्तरेला ओडिशा-बंगालकडं वळतं. चंद्राच्या ओढीनं हवेच्या दाबात पडणारा फरक जेमतेम एक दशांश हेक्टोपास्कलचा (हेक्टोपास्कल म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक). मोठ्या वादळाच्या केंद्रात दाब काही दहा हेक्टोपास्कलांनी उतरतो.

शिवाय हिशोब करून बघा. अमावास्या आणि पौर्णिमा, दोन्हींच्या मागचे-पुढचे तीन-तीन दिवस धरले तर साडेएकोणतीस दिवसांतले चौदा दिवस "जवळचे" ठरतात. निम्मी वादळं त्यात सापडणारच! वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी आलेलं २०२० चं 'निसर्ग' चक्रीवादळ सगळ्यांच्या लक्षात आहे. २०१३ चं फायलिन ऐन अष्टमीला ओडिशातल्या गोपाळपूरला धडकलं, त्याची तिथी मला आजवर कुणी सांगितलेली नाही.

किनाऱ्यावर मात्र तिथी बघावीच लागते. २६ मे २०२१ ला, बुद्धपौर्णिमेला, यास ओडिशात आलं. उधाणाच्या भरतीवर वादळाची लाट चढली आणि सुंदरबनातले बांध फुटले. आपल्याकडं समुद्रच नाही.

तेव्हा छाटणीआधी हवामान विभागाचा मार्गाचा नकाशा उघडा. कमी दाब आंध्रच्या किनाऱ्यासमोर असेल आणि रेघ पश्चिमेला येत असेल, तर छाटणी चार दिवस पुढं ढकला आणि सोयाबीनची गंजी आजच ताडपत्रीखाली घ्या.