रांजणाखालचा ओल्या

पंधरा दिवसांसाठी म्हणून आलेला कुत्रा आमच्या घरी दीड वर्षापासून आहे. पुतण्याची संभाजीनगरहून बंगळुरूला बदली झाली. "काकू, रूम मिळेपर्यंत सांभाळा, पंधराच दिवस," म्हणत एका रविवारी तो परभणीला आला आणि दोन कंगवे, शाम्पूची बाटली, खाण्याची थैली आणि त्या सगळ्याच्या मधोमध हे केसांचं गाठोडं ठेवून गेला. त्याला रूम मिळाली, नंतर त्याचं लग्नही ठरलं. कुत्र्याचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

कागदोपत्री नाव ऑलिव्हर. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जिभेला ते जमेना, म्हणून दोन दिवसांत ओल्या झालं. आणि नाव शोभलं हो. वाटीतलं पाणी पिऊन आला की दाढी-मिशांतून पाणी ठिबकत येतं आणि ती ओली दाढी नेमकी माझ्या शिवणाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या साडीला पुसतो. फॉल लावायला आणलेल्या नव्या कोऱ्या पैठणीलासुद्धा पुसली आहे. त्या बाईंचं नाव सांगत नाही, अजून बोलत नाहीत त्या माझ्याशी.

जात शिह त्झू. चिनी भाषेत याचा अर्थ सिंह. हे मी सांगितलं तेव्हा आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वळून बघितलं. सिंह परातीजवळ बसून सांडलेलं पीठ हुंगत होता, नाक पांढरं झालेलं. "सिंह म्हणं," एवढंच बोलून त्यांनी भाकर तव्यावर टाकली.

आमचं गाव पूर्णेकाठी, शेत आहे, आखाडा, म्हणजे रानातलं राहायचं-गुरं बांधायचं ठिकाण, आहे. आखाड्यावर कुत्रं असतंच. ते रात्री रानडुकरावर धावतं, परक्या माणसाला बांधावर अडवतं, मोबदल्यात शिळ्या भाकरीचा तुकडा मिळवतं. त्यामुळे आत्याबाईंचा पहिल्या दिवसापासून एकच सवाल: "हे कशाच्या कामाचं?" लाइटचं मीटर बघायला माणूस आला तर ओल्या त्याच्यापुढे उताणा पडून पोट दाखवतो. चोर आला तर तिजोरी कुठंय तेही दाखवील.

मग मी जरा वाचलं. हे मूळचे तिबेटकडचे, पुढे चीनच्या राजवाड्यात वाढवलेले. राजमाता त्सिशी १९०८ मध्ये वारली, तिलाही या कुत्र्यांचा भारी नाद. इंग्लंडात पहिली जोडी पोचली १९३० मध्ये, कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या अमेरिकेच्या केनेल क्लबाने जात मानली ती थेट १९६९ मध्ये. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या याच्या खानदानाला नोकरी होती आणि ती मांडीवर बसायचीच होती. शिकार नाही, राखण नाही, मेंढरं वळणं नाही. चपटं नाक, मोठे डोळे, चार ते सव्वासात किलो वजन, सगळं त्या नोकरीच्या मापाने बेतलेलं. तोंडावरचे केस नाकापासून चारी बाजूंना फाकतात, म्हणून त्याला शेवंतीच्या फुलाची उपमा देतात. सकाळी झोपेतून उठलेला ओल्या बघितला की पटतं, फक्त देवाला वाहता येणार नाही इतकी विस्कटलेली शेवंती.

आता केसांचं. विकणाऱ्याने पुतण्याला सांगितलं होतं, "केस गळत नाहीत, फ्लॅटला झकास." गळणं कमी, हे खरंच. पण गळत नाहीत म्हणजे वाढत राहतात, आणि सुटलेला केस खाली न पडता बाकीच्या केसांतच अडकतो, हे त्याने सांगितलं नाही. महिनाभरात कानामागे आणि काखेत गाठी झाल्या. मी बावीस वर्षं ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. धाग्याच्या गुंत्याला मी भिणार? आधी आंघोळ घातली, म्हटलं गाठी मऊ होतील. झालं उलटंच, वाळल्यावर त्या गाठी घोंगडीसारख्या दाबून बसल्या. मग कात्री घेतली. काखेतली गाठ चिमटीत धरून ओढली आणि बुडातून कापली. ओल्या किंचाळला. गाठीबरोबर कातडीही वर उचलली जाते, कुत्र्याची कातडी सैल असते, हे माझ्या लक्षातच आलं नाही. नखाएवढी चीर. रक्त थोडंच आलं, पण त्यानंतर कात्रीचा नुसता आवाज झाला तरी हा कपाटाखाली जाऊ लागला, आणि माझ्या दुकानात कात्रीचा आवाज दिवसभर.

त्या दिवशी त्याला घेऊन पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात गेले. १९७२ पासूनचं कॉलेज आहे ते, आमच्या परभणीत. रांगेत पुढे लाल कंधारी गाय, मागे उस्मानाबादी शेळी आणि तिची दोन पिल्लं, बाजूला एक म्हैस, आणि मधे मी, ओढणीत गुंडाळलेला ओल्या घेऊन. आपल्या मराठवाड्याने एक-एक नामी जनावर दिलं आहे, देवणी काय, कंधारी काय, लातूरकडचा सशामागे बाणासारखा सुटणारा कारवान कुत्रा काय. प्रत्येकाचं काम ठरलेलं. गायवाल्या मामांनी ओढणीत डोकावून विचारलं, "ताई, हे काय खातंय?" मग थोडं थांबून, "आन् करतंय काय?" मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, "मजा हाय बगा."

डॉक्टरांनी चीर साफ केली आणि मला गाठ सोडवायला शिकवलं. गाठीवर मक्याचं पीठ, म्हणजे आपलं कॉर्नफ्लोअर, भुरभुरायचं. एका हाताने केस मुळाशी घट्ट धरायचे, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. मग टोकाकडून सुरुवात. टोकाचे चार केस मोकळे, मग त्यावरचे चार, असं बुडाकडे जायचं. पाणी सगळ्यात शेवटी. ऐकताना मला माझीच लाज वाटली. रिळाचा गुंता झाला तर मी पोरींना हेच सांगते, ओढू नका, टोक शोधा. आता रोज रात्री मालिका लागली की तो मांडीवर आणि मी टाके उसवायच्या टोकदार सुईने त्याच्या कानामागची एकेक बट सोडवत बसते. डोळ्यांवर येणारे केस अस्तराच्या उरलेल्या पट्टीने वर बांधते. ते डोळ्यांत टोचले तर बुबुळाला जखम होते म्हणे. मॅचिंगचा तुटवडा आमच्याकडे नसल्यामुळे साहेबांना रोज नवा रंग.

अजून एक सांगायचं राहिलं, दुकानातल्या टाचण्या. हा जमिनीवरचं काहीही तोंडात घालतो. आता दुकान बंद करताना मी फरशीवरून लोहचुंबक फिरवते. बावीस वर्षांत इतक्या टाचण्या मी कुठे हरवत होते, ते या दीड वर्षात कळलं.

खाण्यावरून आमचं आणि आत्याबाईंचं भांडण झालं. त्या त्याला लपून पिठलं-भाकर देत. भाकरीचं काही नाही, पण पिठल्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मनुकेही वाईट, मूत्रपिंडावर जातात. मी हे सांगितल्यावर त्या आठवडाभर त्याच्याशीच बोलायच्या, "तुला कायच खाऊ देत न्हाई बाबा ही."

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. जगात जर्मनी अन् भारतात परभणी हे आम्ही ज्या कौतुकाने म्हणतो, त्या कौतुकात ऊन धरलेलं नसतं. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग निववतो, आणि याचं नाक इतकं आखूड की धापेलासुद्धा रस्ता अरुंद. फिरायला पहाटे सहाच्या आत, नाहीतर रात्री नऊनंतर. डांबरावर आधी माझा हात उलटा टेकवून बघते, मला सोसलं तर त्याला सोडायचं. मागच्या एप्रिलमध्ये मी त्याचे केस पार कातडीपर्यंत कापणार होते. डॉक्टर म्हणाले, इंचभर तरी ठेवा, तेवढीच उन्हाला सावली.

तर एका दुपारी अडीच वाजता लाइट गेली. कूलर बंद. ओल्या घरघर आवाज काढत धापा टाकायला लागला, तोंडाला फेस. डॉक्टरांना फोन लावला. बर्फाचं पाणी नको, साध्या पाण्याने पोट, पंजे भिजवा आणि वारा घाला म्हणाले, अर्ध्या तासात उतार पडला नाही तर घेऊन या. मी ओला टॉवेल घेऊन आले तर ओल्या जागेवर नाही. शोधलं तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, रांजणाखालच्या ओल्या वाळूत पोट टेकवून चारी पाय पसरलेले. आणि शेजारी आत्याबाई, सूप हातात घेऊन त्याला वारा घालत होत्या. कोणी शिकवलं नव्हतं दोघांना. पंधरा-वीस मिनिटांत श्वास खाली आला. लाइट साडेचारला आली, तोवर त्या सूप हलवतच होत्या. मी म्हटलं, आत्याबाई, द्या इकडे, हात दुखतील. तर म्हणाल्या, "तू ब्लाऊज शिव जा. गिऱ्हाईक येईल."

यंदा उन्हाळ्याआधी कुंभाराकडून दुसरा रांजण आणला. त्यातलं पाणी कोणी पीत नाही. खालची वाळू भिजलेली राहावी एवढ्यासाठीच आत्याबाई रोज सकाळी तो भरतात. कालपासून कुरकूर चालू आहे की वाळू जुनी झाली, त्याच्या केसांत अडकायला लागली, नदीची बारीक वाळू मागव म्हणून. पुतण्याचा फोन येऊन गेला, लग्नाला यायचंय ना, ओल्यालाही आणा म्हणे. आत्याबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "तिकडं रांजण हाय का?"